सिस्टरला विचारा: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करायचं कुणी?

मागच्या अंकात आम्ही एकच प्रश्न छापला होता, तुमच्या घरातल्या वयस्कर माणसांचं कोण करतं? उत्तरं आली ती जवळजवळ सगळी बायकांची, आणि बऱ्याच जणींनी ती रात्री उशिरा, घर झोपल्यावर पाठवलेली, कारण दिवसा हात मोकळा होत नाही. मी बरीच वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते, आता कोल्हापुरात घरोघरी ड्रेसिंगला, कॅथेटर बदलायला जाते, त्यामुळं या पत्रांतली घरं मला आतून माहितीची आहेत. नावं काढलीत, पेठा आणि गावं तेवढी ठेवलीत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न: नमस्कार सिस्टर. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, १९ वर्षं झाली. दिवाळीच्या आधी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण घरी आल्यापासून उठायलाच तयार नाहीत, सगळं बेडवर. पहाटे उठून त्यांचं आवरते, डबे करते, कामावर जाते, मधल्या सुट्टीत धावत घरी येते आणि परत जाते. मिस्टर म्हणतात नोकरी सोड, मावशी ठेवली तर तुझा निम्म्याहून जास्त पगार तिलाच जाणार मग काय उपयोग. दीर पुण्याला, नणंद इचलकरंजीला, दोघंही रोज फोनवर विचारतात आई जेवली का. मला सासूबाईंचा राग नाही हो, त्यांनी माझी पोरं सांभाळली म्हणून तर मी नोकरी करू शकले. पण मी आता थकलेय. सोडू का नोकरी? (राजारामपुरी)

उत्तर: ताई, नोकरी सोडू नका. निदान या हिशोबावर तरी नकोच, कारण हिशोबच चुकीचा मांडलाय. मावशीचा पगार तुमच्या पगारातनं का वजा करायचा? सासूबाईंना तीन मुलं आहेत, तो खर्च तीन घरांत वाटला पाहिजे, आणि त्याच्याही आधी सासूबाईंची स्वतःची पेन्शन, एफडी काय असेल ते बघितलं पाहिजे, त्यांचे पैसे त्यांच्यासाठीच तर आहेत. १९ वर्षांच्या नोकरीत महिन्याच्या पगाराशिवाय पीएफ आहे, वाढत जाणारी ग्रॅच्युइटी आहे, आणि तुम्ही सत्तरीत जाल तेव्हा कुणाकडं हात पसरायला लागू नये याची सोय आहे. मी बघत आलेय, कुणाचं तरी करायला म्हणून पंचेचाळिशीत नोकरी सोडलेली बाई परत कामावर गेली असं क्वचितच होतं, आणि ज्यांचं केलं ते माणूस गेल्यावर तिच्याकडं राहतं ते पाठीचं दुखणं.

दुसरं, आपल्याकडं सगळे धरून चालतात की सासू-सासऱ्यांची जबाबदारी सुनेची. कायदा तसं म्हणत नाही. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे, त्यात 'मुलं' म्हणून मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात येतात. सून नाही. २०१९ मध्ये सून-जावयांनाही त्यात घ्यायचं विधेयक लोकसभेत आलं होतं, ते मंजूर झालं नाही. म्हणजे कायद्यानं मिस्टर, दीर आणि नणंद हे तिघं जबाबदार आहेत, आणि तुम्ही जे करताय ते मायेनं, सासूबाईंनी तुमच्यासाठी केलं त्याची आठवण ठेवून करताय. हे घरात एकदा मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे, भांडायला म्हणून नाही, पण सगळ्यांना कळायला.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोकांचा दिवसाचा वेळ कुठं जातो याचा देशभर सर्व्हे केला होता. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के जणी घरातल्या कुणाचं तरी करतात, मग ते लेकरू असो, आजारी असो की म्हातारं माणूस, आणि त्यात त्यांची दिवसाची १४० मिनिटं जातात. पुरुषांपैकी २१.४ टक्के करतात, आणि ७४ मिनिटं. हा देशाचा आकडा आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात तर ही मिनिटं सकाळी नऊच्या आतच संपतात.

एखाद्या रविवारी दीर आणि नणंद दोघांना बोलवा, फोनवर नको, घरी बोलवा. वही घ्या आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत सासूबाईंचं काय काय असतं ते वेळेसकट लिहा, तोंड धुणं, डायपर, अंग पुसणं, नाष्टा, गोळ्या, कूस बदलणं, व्यायाम, डॉक्टर, मेडिकल, बिलं. मग प्रत्येक ओळीपुढं नाव घाला. मावशी दिवसा ठेवायची आणि तिचे पैसे तिघांनी द्यायचे. इचलकरंजी काही लांब नाही, नणंदेनं आठवड्यातला एक दिवस घ्यावा. दिरांनी महिन्यातला एक शनिवार-रविवार येऊन राहावं, पैसे पाठवले म्हणजे संपलं असं होत नाही. आणि रात्रीची कूस बदलणं मिस्टरांकडं. इथं लगेच ऐकायला मिळतं की आईचं मुलगा कसं करणार, बरं दिसत नाही. ताई, मी वॉर्डात वॉर्डबॉयच्या मदतीनं शेकडो आज्यांची कूस बदललीय, चादर धरायला, पाठीला तेल लावायला, भरवायला, रात्री उशाशी बसायला काही बाईच लागत नाही. डायपर बदलण्यापुरतं सासूबाईंना अवघड वाटत असेल तर तेवढं बाईनं करावं, त्यांच्या लाजेचा मान ठेवलाच पाहिजे. पण त्या एका कामाच्या नावाखाली बाकीची पंधरा कामं तुमच्याकडं येतायत, ते थांबवा.

आता सासूबाईंचं. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणसाला लवकरात लवकर उभं करायचं असतं, डॉक्टर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांतच उभं करतात. पडलेल्या माणसाच्या मनात भीती बसते, ती फिजिओथेरपिस्ट घरी बोलावून, वॉकर धरून रोज थोडं थोडं करतच जाते. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या. पडून आहेत तोवर दर दोन तासांनी कूस, एअर बेड, आणि माकडहाड, टाचा, खुबा रोज उजेडात बघायचं. लाल डाग बोटानं दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरवात, तो डाग चोळायचा नाही आणि खाली रबरी रिंगही ठेवायची नाही, त्यानं रक्तपुरवठा अजून कमी होतो. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, खाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडनं उचला. तुमची पाठ त्यांच्या खुब्याइतकीच महत्त्वाची आहे.

प्रश्न: मी फुलेवाडीत राहते, माहेर गारगोटीकडं. आई गेली, वडील ७८ वर्षांचे, एकटे. दोन भाऊ, थोरला गावातच वेगळा राहतो, वैनी कधी डबा पाठवते कधी नाही. शेत भावांच्या नावावर झालं, मी हक्कसोड करून दिलं, तेव्हा सगळे म्हणाले बहिणीनं मागायचं नसतं. आता दर आठवड्याला एसटीनं मीच जाते, धुणं, औषधं, दोन दिवसांचं जेवण करून ठेवते. सासरी म्हणतात शेत भावांना आणि म्हातारा तुला होय? वडील माझ्याकडं यायला तयार नाहीत, लेकीच्या दारात राहिलं तर लोक नावं ठेवतील म्हणतात. राहतं घर अजून त्यांच्या नावावर आहे, ते पण भावांना बक्षीसपत्र करून द्यायचं चाललंय. (एक लेक)

उत्तर: सगळ्यात आधी ते बक्षीसपत्र थांबवा. वडिलांना सांगा, घर भावांनाच द्यायचं असेल तर द्या, तुमची मर्जी, पण मृत्युपत्रानं द्या. मृत्युपत्र जिवंतपणी कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र केलं की घर त्या दिवशीच हातातनं गेलं. आणि बक्षीसपत्रच करायचं असलं तर त्यात स्पष्ट लिहून घ्या की मुलांनी माझं खाणंपिणं, औषधपाणी, देखभाल करायची या अटीवर देतोय. मगाशी सांगितलं त्याच २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, अशी अट मोडली तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट कागदावर नसेल तर पुढं फार वाद होतो. अर्ज प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं करायचा, चरितार्थासाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत देण्याचा हुकूम ते मुलांना करू शकतात.

आता तुमचं. कायद्यानं लेकीवरपण जबाबदारी आहे, १९५६ च्या हिंदू दत्तक व चरितार्थ कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे, आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं लग्न झालेल्या मुलीनंही वडिलांना पोसलं पाहिजे असा निकाल दिलाय. पण त्याच कायद्यांच्या घराण्यात हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्तीही आहे, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क. आपल्या घरांत जबाबदारीची बाजू लेकीला लागू करतात आणि हक्काच्या वेळी तिच्याकडनं सही घेतात. रजिस्टर झालेलं हक्कसोड पत्र मोडणं सोपं नसतं, तरी तुमच्या कागदात काय आहे ते वकिलाला दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट बायकांना नाही. ज्यांनी अजून सही केली नाही अशा वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आई-वडिलांचं पुढं कोण करणार हे ठरल्याशिवाय कशावरही सही करू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला टोचली, मनाला लावून घेऊ नका. वैनी डबा पाठवत नाही असं तुम्ही लिहिलंय. भाऊ डबा पाठवत नाही असं नाही लिहिलं. वडील भावाचे, पण राग वैनीवर, आणि तिकडं वैनीच्या माहेरी तिच्या आईचं काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही. बोलायचं ते थोरल्या भावाशी बोला, रोज संध्याकाळी वडिलांच्या घरी जाऊन गोळ्या दिल्या का आणि ते जेवले का ते त्यानं स्वतः बघायचं. वडिलांना आपलं घर सोडायचं नाही तर ओढून आणू नका, त्या घरातच त्यांचा दिवस जातो. आठवड्याच्या गोळ्यांची खणांची डबी मिळते ती भरून ठेवा, रात्री संडासकडं जायच्या वाटेवर दिवा ठेवा, आणि आधार कार्ड घेऊन त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ७० च्या पुढच्या कुणालाही मिळतं, उत्पन्न बघत नाहीत, ५ लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च त्यात येतो. ७५ च्या वर एसटी पण फुकट आहे, तेव्हा मनात आलं तर चार दिवस लेकीकडं यायला त्यांना कुणाला विचारायला नको.

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, निवृत्त. मंडळी गेली, आई ८६ वर्षांची, तिचं सगळं मीच करतो, आंघोळीपासून. तालमीतले मित्र म्हणतात बाईमाणूस ठेव की, हे काय तुझं काम आहे का. पाहुणे आले की आईलाच वाईट वाटतं, पोराला माझं करायला लागतंय म्हणून रडते. मी चुकतोय का? (मंगळवार पेठ)

उत्तर: अण्णा, तुम्ही अजिबात चुकत नाही. तुम्हाला जमतंय हे तुमच्या मित्रांनी बघितलं पाहिजे, त्यातल्या प्रत्येकाची आई आहे. आईंना वाईट वाटतं कारण त्यांच्या पिढीत मुलानं कधी असं केलेलं त्यांनी बघितलं नाही, त्यांना सांगा की मला आवडतं म्हणून करतो, आणि आंघोळीच्या वेळी अंगावर एक टॉवेल कायम ठेवा, जेवढा भाग धुताय तेवढाच उघडा करा, त्यानं त्यांचा संकोच बराच कमी होईल. मदतीला बाई ठेवायची तर ठेवा, तुमचं वय पण साठीच्या पुढं आहे, दुपारचे तीन-चार तास तुम्हाला सुट्टी पाहिजेच. आणि तालमीत जाणं बंद करू नका.

प्रश्न: मी ७१ वर्षांची आहे. मिस्टर ८०, मुख्याध्यापक होते, आता डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. दिवेलागण झाली की आपल्याच घरात 'मला घरी जायचंय' म्हणून दार उघडायला लागतात, एकदा रंकाळ्यापर्यंत गेले होते, ओळखीच्या पोरांनी आणून सोडलं. कामवालीनं पैसे चोरले म्हणतात. मला विचारतात तुम्ही कोण. मुलगा बंगळूरला, मुलगी अमेरिकेत, रोज व्हिडिओ कॉल असतो, कॉलवर ते अगदी छान बोलतात त्यामुळं मुलांना वाटतं आई वाढवून सांगते. मला बीपी, शुगर, मोतीबिंदूचं ऑपरेशन सारखं पुढं ढकलतेय. लोक म्हणतात जोडीनं आहात, नशीबवान. माझ्या मनात कधी कधी येतं हे माझ्या आधी गेले तर बरं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. आणि नंतर माझं कोण करणार? (शिवाजी पेठ)

उत्तर: काकू, आधी ते लाजेचं. हे वाक्य मला किती घरांत स्वयंपाकघराच्या दारात हळू आवाजात ऐकायला मिळालंय, आणि ते म्हणणाऱ्या सगळ्या जणी अशा की नवऱ्याचं एक औषध चुकू देत नाहीत. आपण गेल्यावर यांचं कोण बघणार या काळजीतनं ते येतं. त्यात पाप काही नाही. पण हे मनात वरचेवर यायला लागलं, झोप उडाली, रडू येतंय, तर तो थकवा हाताबाहेर चाललाय असं समजा आणि डॉक्टरांना सांगा, बीपी सांगता तसं सरळ सांगा.

डिमेन्शिया म्हणजे म्हातारचळ नाही, तो मेंदूचा आजार आहे. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो आहे असा २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, आणि त्या प्रत्येकाच्या मागं घरात कुणीतरी जागं आहे. बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, त्यांच्या कमीमुळंही विसरभोळेपणा वाढतो आणि तो औषधानं सुधारतो. संध्याकाळची अस्वस्थता या आजारात नेहमीची. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, चारच्या सुमाराला रोज एकाच वाटेनं फिरवून आणा. 'घरी जायचंय' म्हणाले की हेच आपलं घर म्हणून पटवत बसू नका, पटत नाही आणि चिडतात, जाऊया, आधी चहा घेऊ, असं म्हणा आणि त्यांच्या शाळेचा विषय काढा. पैसे सापडत नाहीत म्हणाले तर सोबत शोधायला लागा. कामवालीला आधीच सांगून ठेवा की हा आजार आहे, नाहीतर ती बिचारी काम सोडेल. दाराची कडी वरच्या बाजूला, नजरेच्या वर बसवा. खिशात नाव आणि तुमचा, शेजाऱ्यांचा नंबर लिहिलेलं कार्ड शिवून टाका. गल्लीतल्या दुकानदारांना आणि तालमीच्या पोरांना सांगून ठेवा, लपवू नका, लपवण्यानं धोका वाढतो. आणि एखाद्या दिवशी अचानक जास्तच गोंधळले, तर आजार वाढला म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता किंवा नवीन सुरू केलेली गोळी कारण असते.

मोतीबिंदूची तारीख घ्या आणि मग मुलाला कळवा. विचारू नका, कळवा. त्यानं येऊन घरात राहायचं, वडिलांना एकट्यानं सांभाळायचं, संध्याकाळ आणि रात्र दोन्ही. तुम्ही वाढवून सांगत नव्हता हे त्याला पहिल्याच रात्री कळेल आणि त्यानंतरचं बोलणं सोपं होईल. मुलीनं अमेरिकेतनं काय करायचं तर मावशीचा खर्च, औषधांची ऑनलाइन ऑर्डर, डॉक्टरांशी फोन, हे सगळं तिथनं जमतं.

तुमचं कोण करणार, हा प्रश्न मी टाळणार नाही. बायका जास्त जगतात आणि आपल्याकडं नवरा वयानं मोठा, त्यामुळं नवऱ्याचं करायला बायको असते आणि बायकोच्या वेळी बऱ्याचदा कुणी नसतं. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढं ५.३ कोटी बायका होत्या, पुरुष ५.१ कोटी, आणि वय वाढेल तसं एकट्या राहिलेल्या बायकांचं प्रमाण वाढतच जातं. म्हणून आत्ता, मिस्टरांना सही कळतेय तोवर, बँकेची खाती दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी करून घ्या, फॅमिली पेन्शनच्या कागदात तुमचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का बघा, घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का बघा. त्यांच्या आजारपणात तुमची एफडी मोडायची वेळ आली तर थांबा आणि मुलांना सांगा, ते पैसे तुमच्या म्हातारपणाचे आहेत. वय वंदना कार्ड दोघांचं काढा. आणि मन मोकळं करायला किंवा माहिती पाहिजे असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

प्रश्न: सिस्टर, मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. करतेय. परदेशात म्हाताऱ्यांचं सरकार बघतं म्हणतात, मग आपल्याकडं सगळं घरातल्या बाईवरच का? तिकडं बायका सुटल्या का?

उत्तर: पूर्ण सुटल्या नाहीत, पण तिथल्या बायका मागं लागल्या म्हणून बरंच बदललं, हे तू अभ्यासात नक्की घे. जपानमध्ये आज शंभरातली २९ माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. तिथंही आपल्यासारखंच थोरल्या सुनेनं करायचं अशी रीत होती. १९८० च्या दशकापासून बायकांच्या संघटनांनी आवाज उठवला, १९९७ मध्ये कायदा झाला आणि २००० पासून देखभालीचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून सगळ्यांनी हप्ता भरायचा आणि म्हातारपणी गरजेनुसार घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, आंघोळ घालायला माणूस मिळतो, स्वतःच्या खिशातनं बहुतेकांना दहावा हिस्सा भरावा लागतो. जर्मनीत असा विमा १९९५ पासून आहे, कोरियात २००८ पासून. जर्मनीत घरच्यांनी केलं तर रोख पैसेही मिळतात, जपाननं रोख द्यायचं टाळलं, कारण तिथल्या बायकांच्या संघटना म्हणाल्या, पैसे हातात दिले की सुनेला घरातच बसवतील, आम्हाला माणसं पाहिजेत. मला हे त्यांचं म्हणणं अगदी पटतं, राजारामपुरीच्या ताईंचं पत्र वाच म्हणजे तुलाही पटेल. एवढं करूनही जपानमध्ये दरवर्षी सुमारे लाखभर लोक घरच्यांचं करायला नोकरी सोडतात आणि त्यात बहुतेक बायकाच आहेत.

आपल्याकडं २०११ मध्ये साठीच्या पुढचे ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९, आणि २०५० पर्यंत देशात वीस टक्क्यांच्या वर जातील असा अंदाज आहे. वेळ फार नाही. केरळनं २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करायच्या सेवेचं धोरण आणलं, तिथं पंचायतीची नर्स अंथरुणावरच्या पेशंटच्या घरी जाते आणि गावातले स्वयंसेवक सोबत असतात. कोल्हापूर जिल्ह्यानं गावागावात दुधाच्या सोसायट्या उभ्या केल्या, बायकांच्या कष्टावर चालणाऱ्या धंद्याचा पैसा थेट घरी यायला लागला. पेशंटची सेवा करणाऱ्या मावशांची अशी सोसायटी का होऊ नये, ट्रेनिंग, ठरलेला दर, आठवड्याची सुट्टी, आणि मधला कमिशनवाला नाही? आणि २०१९ च्या महापुरात तालीम-मंडळांच्या तरण्या पोरांनी म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढलेलं सगळ्या शहरानं बघितलंय. त्याच मंडळांनी वर्षभर गल्लीतल्या एकट्या आजी-आजोबांकडं आठवड्यातनं एक फेरी मारायची ठरवली तर शिवाजी पेठेतल्या काकूंना किती आधार होईल. तुझ्या प्रबंधाला विषय पाहिजे असेल तर हा घे.

प्रश्न (व्हॉइस मेसेजवरनं उतरवून घेतलाय): सिस्टर, मी नर्सिंग ब्युरोतनं पेशंटकडं राहायला असतो, चोवीस तासाची ड्युटी, एका आजींचं करतो. रात्री चार-पाच बारी उठाय लागतंय, दिवसा परत धुणं-भांडी बी सांगत्यात. झोपाय आजींच्या कॉटच्या बाजूला सतरंजी. बोललं तर काढून टाकतील म्हणून गप बसतो. माझी सासू घरात हातरुणाला हाय, लकवा मारलाय, तिचं माझी पोरगी करती, दहावीला हाय. मालक ट्रकवर असत्यात. पोरगी आता म्हणती परीक्षेला बसत न्हाई, आज्जीचं करतो. मी लोकांच्या आजीचं करतोय आणि माझ्या घरात ही गत. काय करू सांगा.

उत्तर: मावशी, पोरगीला परीक्षेला बसवायचंच. बाकी सगळं यानंतर. आजपर्यंत तिनं जे केलं ते खूप केलं, पण पंधरा वर्षांच्या पोरीनं शाळा सोडून आजीला सांभाळणं म्हणजे पुढं तिनंही सतरंजीवरच झोपायचं का? तिच्या वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती सांगा.

ब्युरोला सांगून चोवीस तासाच्या ऐवजी बारा तासाची दिवसाची ड्युटी मागा, पैसे थोडे कमी येतील पण रात्री तुम्ही घरी असाल आणि पोरगी झोपेल. सासूबाई ६५ च्या पुढं असतील आणि दारिद्र्यरेषेखाली नाव किंवा उत्पन्न अटीत बसत असेल तर श्रावणबाळ योजनेतनं महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तहसीलमध्ये संजय गांधी निराधार शाखा असते तिथं अर्ज करायचा. वयोश्री योजनेतनं कमोड खुर्ची, वॉकर घ्यायला ३,००० रुपये एकदाच मिळतात. लकव्याच्या व्यायामासाठी त्यांना सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, हात-पाय घट्ट व्हायच्या आत. मालक ट्रकवरनं येतील ते दिवस आईचं त्यांनी करायचं, तुम्ही आणि पोरगीनं नाही. घरकामगार म्हणून तुमची नोंदणी होते, २००८ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, ई-श्रम कार्डही काढून घ्या. आणि कामाच्या घरात कुणी अंगचटीला आलं तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुम्हालाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते, ब्युरो काय म्हणेल याला घाबरू नका.

ज्यांच्या घरी मावशी आहेत त्या वाचकांसाठी इथंच लिहिते. तिला झोपायला कॉट द्या. रात्री जागली तर दिवसा सलग चार तास झोपू द्या. आठवड्यातला एक दिवस सुट्टी, आणि तो दिवस तुमच्या घरातल्या पुरुषांनी घ्यायचा. धुणं-भांडी तिचं काम नाही, सांगायचं असलं तर वेगळे पैसे. हे सगळं पहिल्या दिवशीच कागदावर लिहून एक प्रत तिला द्या. तुमची आजी तिच्या हातात आहे, ती रात्र रात्र जागून चिडचिडी झाली तर आजीचंच हाल होणार.

आणि मावशी, पोरगीच्या परीक्षेचं वेळापत्रक आलं की मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. पेपरच्या दिवशी सकाळी सासूबाईंकडं थांबायला माझ्या ओळखीतल्या दोघी रिटायर्ड सिस्टर तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवलंय.